व्यसन, उपचार आणि नंतरची दोन वर्षं: नाशिकच्या कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूरच्या कामगार वसाहतीतलं घर असो, गंगापूर रोडवरचा फ्लॅट असो की निफाडकडचा मळा, व्यसनाबद्दल घरची माणसं विचारतात ते प्रश्न बरेचसे सारखे असतात. आणखी एक गोष्टही सगळीकडे सारखीच दिसते. घरातला पैसा, रजा, नवस, नातेवाइकांच्या बैठका, सगळं 'दारू सोडवण्या'वर खर्च होतं. सोडवायला लागतात आठ-दहा दिवस. सुटलेली राहायला पुढची दोन वर्षं मेहनत लागते आणि त्या दोन वर्षांसाठी कोणाकडेच काही उरलेलं नसतं. म्हणून पुढची उत्तरं मुद्दाम त्या दोन वर्षांकडे जास्त झुकलेली आहेत.

त्याआधी एक सूचना. रोज पिणाऱ्या माणसाची दारू गेल्या चार-पाच दिवसांत बंद झाली असेल आणि त्याला झटके येत असतील, तो असंबद्ध बोलत असेल, भिंतीवर किडे किंवा साप दिसतात म्हणत असेल, तर वाचत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालयात न्या.

रोज नाही घेत, फक्त सुट्टीच्या दिवशी घेतो. याला व्यसन म्हणायचं का?

किती दिवस घेतो यावरून ते ठरत नाही. दोनच पेग म्हणून बसल्यावर दोनवर थांबता येतं का? न घेतलेल्या दिवशी मन कुठे असतं? पूर्वी जेवढ्यात भागायचं तेवढ्यात आता भागतं का? नोकरी, पोट, संसार यांचं नुकसान दिसत असूनही घेणं चालूच आहे का? यावरून ते ठरतं. मनोविकारतज्ज्ञ २०१३ पासून वापरात असलेल्या निकषांत ११ लक्षणं पाहतात. वर्षभरात त्यातली दोन-तीन असतील तर सौम्य, चार-पाच असतील तर मध्यम आणि सहा किंवा जास्त असतील तर तीव्र. म्हणजे 'व्यसनी' आणि 'व्यसनी नाही' असे दोनच कप्पे नाहीत. सौम्य पायरीवर असताना डॉक्टरांकडे गेलेल्या माणसाचं काम पुष्कळ सोपं असतं.

घरच्या घरी चार प्रश्न विचारून पाहता येतात. कमी करायला हवी असं कधी वाटलं का? पिण्यावरून कोणी बोललं की चीड येते का? नंतर अपराधी वाटतं का? सकाळी हातांची थरथर थांबावी म्हणून घ्यावी लागली का? दोन उत्तरं 'हो' आली तर डॉक्टरांना भेटा. चौथं एकटंच 'हो' असेल तरी भेटा.

प्रमाणाचाही हिशोब करून ठेवा. ३० मिलीच्या एका पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे चार पेग असतात. 'मी फक्त बीअर घेतो' म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा कागदावर मांडून पाहावा.

हे तर श्रावण कडक पाळतात. महिनाभर थेंब घेत नाहीत. मग व्यसन कसं असेल?

महिनाभर थांबता येणं चांगलंच आहे, त्याचं मोल कमी करायचं नाही. पण श्रावणाआधीच्या अमावास्येला काय होतं आणि महिना संपल्यावर पहिल्या रात्री काय होतं, ते पाहा. बेशुद्ध होईपर्यंत पिऊन महिना सुरू करायचा, रोज दिवस मोजायचे आणि संपल्या रात्री पुन्हा तेवढीच घ्यायची, असं असेल तर थांबवणारी गोष्ट बाहेरची आहे. ती तारीख उलटली की थांबणंही संपतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. रोज भरपूर पिणारा माणूस गटारीनंतर दुसऱ्या दिवशी सगळं एकदम बंद करतो तेव्हा त्याच्या जिवाला धोका असतो. त्याविषयी पुढे.

इच्छाशक्ती असती तर सुटली असती ना? बाकीच्या सगळ्या बाबतीत तर हट्टी आहे.

हा प्रश्न बहुतेक वेळा आईवडील विचारतात, आणि मुलगा शेजारीच मान खाली घालून बसलेला असतो.

दारू, गर्द, एमडी (मेफेड्रोन), तंबाखू यांचा मेंदूवरचा परिणाम वेगवेगळा असला तरी सगळे एका यंत्रणेला हात घालतात. जेवणातून, कौतुकातून, लेकराच्या हसण्यातून बरं वाटावं यासाठी मेंदूत डोपामिन नावाचं रसायन काम करतं. नशेमुळे ते अनैसर्गिक प्रमाणात सुटतं. हे वारंवार झालं की मेंदू स्वतःला त्या पातळीशी जुळवून घेतो आणि मग साध्या गोष्टींत गोडी लागत नाही. त्याच वेळी दुकानाची पाटी, ठरावीक मित्राचा आवाज, पगाराचा मेसेज अशा खुणा मेंदूत पक्क्या बसतात. खूण दिसली की ओढ आधी उठते, विचार मागून येतो. आवर घालणारा कपाळामागचा मेंदूचा भाग या काळात कमजोर पडलेला असतो. निश्चय करायलाही तोच भाग लागतो. म्हणून सकाळी पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ खरी असते, आणि संध्याकाळी ती मोडतेही.

व्यसनाच्या धोक्यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो, असं जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसलं आहे. उरलेला वाटा वय, संगत, लहानपणीचे आघात, उदासीनता, चिंता आणि पदार्थ किती सहज मिळतो याचा. पिण्याची सुरुवात माणसाच्या हातात होती, हे मान्य. बरं होण्याची जबाबदारीही त्याचीच आहे. पण मधल्या काळात जे बिघडलं ते शिव्यांनी दुरुस्त होत नाही.

दारू एकदम बंद केली तर चालेल का?

रोज, बरीच वर्षं, सकाळपासून पिणारा असेल तर डॉक्टरांशिवाय नाही. हे उत्तर ठामपणे लिहीत आहे, कारण यात माणसं दगावतात.

शेवटच्या पेगनंतर सहा ते बारा तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, बेचैनी सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भ्रम होतो, ताप येतो, दिवस-रात्र कळत नाही, नसलेली माणसं दिसतात. घरचे याला बाहेरची बाधा समजतात आणि देवऋष्याकडे नेतात. ती बाधा नव्हे, दारू अचानक थांबल्याने मेंदू अतिउत्तेजित झालेला असतो. योग्य गोळ्या ठरलेल्या मात्रेत देऊन, रोज कमी करत, हा आठवडा सुरक्षित पार पाडता येतो.

अपघात होऊन पाय मोडला किंवा अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तरी हेच घडतं, कारण रुग्णालयात दारू आपोआप बंद होते. दाखल करताना डॉक्टरांना 'हे रोज इतकी घेतात' हे स्पष्ट सांगा. लाज वाटते म्हणून लपवू नका.

गावच्या दवाखान्यात अशक्तपणासाठी ग्लुकोजची सलाईन लावण्याची पद्धत आहे. फार पिणाऱ्यांच्या शरीरात थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, खूप कमी झालेलं असतं. थायामिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होण्याची भीती असते. सलाईन लावण्याआधी 'थायामिन दिलं का?' एवढा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

चहातून, भाजीतून न सांगता द्यायचं औषध मिळतं म्हणे. देऊ का?

नाही.

अशा पुड्यांमध्ये काय असतं ते लिहिलेलंच नसतं. काहींत डायसल्फिरम असण्याची शक्यता असते. हे खरं आणि उपयोगी औषध आहे, पण ते घेतल्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा आजार असलेल्याचा जीव जाऊ शकतो. ज्याला माहीतच नाही तो पिणारच. म्हणून हे औषध रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीनेच सुरू करतात. शेवटच्या गोळीनंतरही परिणाम सुमारे दोन आठवडे टिकू शकतो, हेही त्याला सांगावं लागतं. आणि कधीतरी त्याला कळतंच की बायकोने ताटात काहीतरी कालवलं होतं. मग तो तिच्या हातचं औषधच काय, पाणीही घेत नाही.

मग खरी औषधं कोणती?

दारूसाठी नालट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ओढ कमी करायला वापरतात. यकृत खराब असेल तर डॉक्टर बॅक्लोफेनचा विचार करतात. ज्याने पूर्ण थांबायचं ठरवलं आहे आणि घरचं कोणी रोज समोर गोळी देणार आहे, त्याला डायसल्फिरमचा आधार होतो. गर्द, हेरॉइन, अफू यांच्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन आहेत. 'एक नशा सोडवून दुसरी लावली' अशी यांच्यावर टीका होते. ती चुकीची आहे. ठरलेल्या मात्रेत ही औषधं चालू असलेला माणूस कामावर जातो, संसार करतो आणि जास्त मात्रेने मरण्याचा त्याचा धोका कमी होतो.

औषध किती महिने हे डॉक्टर ठरवतात. 'आता बरा आहे' म्हणून परस्पर बंद करणं हे पुन्हा घसरण्याचं फार नेहमीचं कारण आहे.

नाशिकची वाइन द्राक्षाचीच आहे. थोडी चालेल ना?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न येणारच. वाइनमध्ये साधारण १२ ते १३ टक्के अल्कोहोल असतं. १५० मिलीच्या एका ग्लासात दीड पेगाएवढं. द्राक्ष कोणाच्या बागेतलं आहे याचा मेंदूला फरक पडत नाही. ज्याला अवलंबित्व आलेलं आहे त्याला वाइनही नको, बीअरही नको.

तंबाखू, मिश्री, पुडी यांनाही हेच लागू आहे का?

आहे. महाराष्ट्रात धूम्रपानापेक्षा तोंडात धरण्याची तंबाखू कितीतरी जास्त चालते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या २६.६ टक्के प्रौढांना तंबाखूची सवय आढळली, आणि त्यात चघळणाऱ्या-लावणाऱ्यांचाच भरणा होता. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुड्या तरीही मिळतात, हे सांगायला नको.

बायकांच्या मिश्रीकडे तर घरात कोणी व्यसन म्हणून बघतही नाही. सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं ठणकतं, ही निकोटीनची मागणी आहे. आजी, आई, सून अशा तीन पिढ्या एकाच डबीतून लावत असतील तर तिघींनी मिळून सोडायचं ठरवा. एकटीला ते फार जड जातं.

साधन म्हणून निकोटीन गम उपयोगी आहे, पण बरेच जण तो च्युइंगमसारखा चावत सुटतात आणि 'काही फरक पडत नाही' म्हणून टाकून देतात. गम हळूहळू चावायचा, तोंडात चुणचुण झाली की चावणं थांबवून गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरायचा, चुणचुण गेली की पुन्हा थोडा चावायचा. असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना चहा-कॉफी नको. तंबाखूची चिमूट गालात धरायची सवय असलेल्यांना हे लवकर जमतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागणाऱ्यांना सहसा दोनऐवजी चार मिलिग्रॅमचा गम लागतो, तो डॉक्टरांना विचारून घ्या. तंबाखू सोडण्यासाठी सरकारी मोफत क्रमांक १८००-११-२३५६ आहे.

तोंड पूर्वीएवढं उघडत नसेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर सोडण्याची वाट न बघता आधी तोंड दाखवून या.

कॉलेजातला मुलगा रात्र-रात्र जागा असतो, वजन उतरलंय. एमडी असेल का?

असू शकेल. नुसत्या जागरणावरून निष्कर्ष काढू नका. पण एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची, लक्षणं माहीत असायला हवीत. सलग जागरण, भूक मरणं, दात-जबडा आवळणं, छातीत धडधड, उगाच संशय घेणं, मग एक-दोन दिवस मेल्यासारखी झोप आणि खोल उदासी. पैशांची अचानक मागणी, विकलेला मोबाइल. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकरोडजवळच्या शिंदे गावात एमडीच्या कारखान्यावर मुंबई पोलिसांनी छापा टाकला. हे मुंबईतलं प्रकरण आहे, आपल्याकडचं नाही, असं म्हणायची सोय तेव्हाच संपली.

एमडीसाठी ओढ घालवणारं मान्य औषध आज नाही. उपचार म्हणजे समुपदेशन, झोप-जेवणाची घडी, संगत बदलणं आणि उदासीनतेवर औषध. सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत मनात आत्महत्येचे विचार येऊ शकतात. त्या दिवसांत त्याला एकटं सोडू नका आणि त्याबद्दल सरळ विचारा. विचारल्याने तसं मनात भरतं हा गैरसमज आहे.

झोपेच्या गोळ्या आणि खोकल्याचं औषधही नशा असते का?

हो. मालेगावात 'कुत्ता गोळी' म्हणून विकली जाणारी गोळी म्हणजे अल्प्राझोलाम, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न देण्याचं औषध. रोज घेणाऱ्याने ती अचानक बंद केली तर दारूसारखीच फिट येते. ती आठवड्या-आठवड्याने कमी करत आणावी लागते. कोडीनचं सिरप हे अफूच्या कुळातलं, त्याचा उपचार त्या पद्धतीने होतो.

तो मानायलाच तयार नाही. त्याची तयारी होईपर्यंत थांबायचं का?

थांबू नका. 'पार तळाला गेल्याशिवाय माणूस सुधारत नाही' हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोललं जातं. तळाला जाईपर्यंत कित्येकांचं यकृत जातं, नोकरी जाते, कधी जीव जातो. घरच्यांनी आपलं वागणं बदललं तर तयार नसलेला माणूसही उपचाराला येण्याची शक्यता वाढते, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. त्या पद्धतीतली कामाची सूत्रं अशी.

प्यायलेला असताना वाद घालायचा नाही. त्या वेळी बोललेलं त्याला सकाळी आठवत नाही आणि तुम्हाला मात्र आठवडाभर पुरतं. बोलायचं ते सकाळी, शुद्धीत, थोडक्यात आणि घडलेल्या गोष्टीबद्दल: 'काल बबलीच्या शाळेत मी एकटीच गेले. तिने दोनदा विचारलं, पप्पा कुठे आहेत.' 'तुम्ही तसलेच' असं नाही.

तो न प्यायलेल्या संध्याकाळी घरात बरं वाटेल असं काहीतरी घडू द्या. आवडीची भाजी, गप्पा, गोदाघाटावर एक फेरी. शुद्धीत असतानाही तोंड फिरवलेलं आणि प्यायल्यावरही तेच, असं असेल तर त्याच्या दृष्टीने फरक काय राहिला?

परिणाम झाकू नका. 'यांना ताप आहे' असा कंपनीत फोन करणं, उधारी फेडणं, उलटी पुसून सकाळी काही झालंच नाही असं दाखवणं, हे सगळं प्रेमापोटी होतं, पण त्याने दारूची खरी किंमत त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

आणि हात उचलत असेल तर हे सगळं बाजूला. आधी तुम्ही आणि मुलं सुरक्षित ठिकाणी जा. माराला दारू हे कारण म्हणून मान्य करायचं नाही.

एकट्याच आहात असं वाटून घेऊ नका. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळाला होता. तुमच्या गल्लीतही अशी घरं आहेत, फक्त ती बोलत नाहीत.

केंद्रातली माणसं येऊन उचलून नेतात म्हणे. तसं करावं का? चांगलं केंद्र कसं ओळखायचं?

रात्री गाडी आणून, हातपाय बांधून नेणं हा उपचार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार येतात. त्यानुसार रुग्ण स्वतः दाखल होऊ शकतो. त्याची निर्णयक्षमता फार ढासळली असेल आणि धोका असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णयांत मदत करणाऱ्या व्यक्तीच्या, अर्जावरून, तज्ज्ञांनी तपासून, सुरुवातीला ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. साखळीने बांधण्याला या कायद्यात स्पष्ट मनाई आहे.

केंद्र बघायला स्वतः जा आणि विचारा. नोंदणी आहे का, प्रमाणपत्र दाखवा. मनोविकारतज्ज्ञ कोण आणि आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री फिट आली तर कुठे नेता? घरच्यांना भेटू देता का, फोनवर बोलू देता का? कुटुंबासाठी सत्रं असतात का? घरी सोडल्यावर पाठपुरावा कसा करता? या शेवटच्या प्रश्नावर जे गडबडतात तिथे ठेवू नका, मग इमारत कितीही छान असो. 'शंभर टक्के हमी' लिहिलेली पाटी दिसली तर परत फिरा.

पुण्याच्या येरवड्यातलं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या देणगीच्या आधाराने. तिथे बरे झालेले रुग्ण पुढे समुपदेशक म्हणून उभे राहिले आणि पत्नींच्या गटालाही जागा मिळाली. माराशिवाय व्यसनमुक्ती होते याचा हा जवळचा, तपासून बघता येण्यासारखा दाखला आहे.

उपचाराला गेलो तर पोलिसांत नाव जाईल का?

दवाखान्यात खरं सांगितल्याबद्दल गुन्हा दाखल होत नाही, माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. शिवाय अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या पदार्थाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत व्यसनमुक्तीचा उपचार घेत असेल तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडला तर ते काढून घेता येतं. विक्रीचा आरोप असेल तर वकिलाला भेटा.

केंद्रातून घरी आला. आता काय?

आता खरं काम सुरू. आणि नेमकं याच दिवशी घरात पेढे वाटून विषय बंद केला जातो.

पहिल्या आठवड्यात दोघांनी बसून त्याच्या ओढीच्या जागा लिहून काढा. ठोक नाही, नेमक्या. पगाराची तारीख. सुट्टीची आदली संध्याकाळ. सीबीएसवरून घरी येतानाचं ते वळण. द्राक्षाचा माल गेल्यावर व्यापाऱ्याकडून हातात आलेले रोख पैसे. मेहुण्याच्या घरची हळद. 'चल, बसू या' म्हणणारा तो एक मित्र. मग प्रत्येकासमोर काय करायचं ते लिहायचं. पगार काही महिने पत्नीच्या किंवा आईच्या खात्यावर. येताना दुसरा रस्ता, लांबचा असला तरी. हळदीला जायचं, पण जेवून लगेच निघायचं, परतीची सोय आधीच करून. तो मित्र काही काळ बंद. हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

ओढ आली की ती आता वाढतच जाणार आणि प्यायल्याशिवाय थांबणारच नाही, असं वाटतं. तसं होत नाही. तिला खतपाणी घातलं नाही तर बहुतेक वेळा ती अर्ध्या तासाच्या आत उतरते. त्या अर्ध्या तासासाठी काम आधीच ठरवून ठेवायचं. एका ठरलेल्या माणसाला फोन, आंघोळ, भरपेट खाणं, पायी फेरी. घड्याळात वेळ बघून लिहून ठेवायची: ओढ कधी आली, कधी गेली. अशा काही नोंदी झाल्या की माणसाला स्वतःच्या वहीवरून पटतं की ती जाते.

ओढ येण्याआधी शरीर-मनाची अवस्था पाहायची सवय लावा. भूक लागली आहे का, राग आहे का, एकटेपणा आहे का, थकवा आहे का? या चारांपैकी काही असेल तर आधी ते दुरुस्त करायचं. डबल ड्युटी करून, दुपारचा डबा न खाता, साहेबाशी वाजवून घरी निघालेल्या माणसाला दुकानासमोर निश्चय आठवत नाही.

कागदाचे चार भाग करून लिहायचं एक साधन आहे. प्यायल्याचे फायदे, प्यायल्याचे तोटे, न पिण्याचे फायदे, न पिण्याचे तोटे. पहिला चौकोन प्रामाणिकपणे भरायचा. 'झोप लागते', 'चारचौघांत बोलता येतं', 'दुःख विसरतो' असं काहीतरी त्याला दारूतून मिळत होतंच. तिथे जे लिहिलं जाईल ते आता दुसरीकडून कसं मिळवायचं, हाच पुढच्या महिन्यांचा कार्यक्रम. घरच्यांना हा चौकोन बघवत नाही, पण तो खोडू नका.

नकार द्यायचं वाक्य पाठ असावं. 'आज नको, गाडी चालवायची आहे' हे कच्चं, कारण उद्या गाडी नसते. 'मी सोडली आहे, औषध चालू आहे' हे पक्कं. ते घरात मोठ्याने म्हणून बघा, पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळते.

झोप काही महिने नीट लागणार नाही. चिडचिड होईल, लहानसहान गोष्टी विसरतील. मेंदू सावरतोय, तो लगेच पूर्ववत होत नाही. मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी आणू नका.

घरच्यांसाठी: तो दारातून आला की तोंड हुंगणं थांबवा. विश्वास नाही, हे समजण्यासारखं आहे, आणि ते मोकळेपणाने सांगा. पण पाळतीऐवजी करार करा. सकाळची गोळी समोर घ्यायची, तपासणीची तारीख चुकवायची नाही, घसरला तर चोवीस तासांच्या आत सांगायचं, आणि सांगितल्यावर घरात तमाशा होणार नाही. चौथं कलम तुमचं आहे, आणि तेच पाळायला सगळ्यांत कठीण.

एएच्या सभा, विपश्यना, तुळशीची माळ, यांचा उपयोग होतो का?

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, ही १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली पिणाऱ्यांचीच संघटना. नाशिकमध्ये तिच्या मराठी सभा भरतात. फी नाही, अर्ज नाही, अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. २०२० मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन आढाव्यात दारूपासून पूर्ण दूर राहण्यासाठी हा मार्ग इतर मान्य उपचारांइतका, काही बाबतींत त्यांहून सरस ठरल्याचं दिसलं. पहिल्या सभेत परकं वाटतं. चार-पाच सभांना जाऊन मग ठरवा. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, पिणारा सभेला जात नसला तरी तुम्ही जाऊ शकता.

इगतपुरीच्या धम्मगिरीचं विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर दारू सोडण्याची जागा म्हणून वापरू नका. हात थरथरत असताना मौनात बसवणं धोक्याचं आहे. काही महिने स्थिर झाल्यावर, डॉक्टरांना विचारून आणि शिबिराच्या अर्जात आजार-औषधं खरीखुरी लिहून गेलात तर ध्यानाचा फायदा होऊ शकतो.

माळ घालून सोडलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्र्यंबकेश्वरच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेला जाणारी दिंडी म्हणजे दारू नसलेली सोबत, ठरलेली वेळ, गाणं, चालणं आणि एकमेकांची विचारपूस. हे सगळं उपचाराच्या कामाचंच आहे. माळ घाला आणि गोळीही घ्या. दोन्हींत भांडण नाही. फक्त घसरलेल्या माणसाला 'माळेचा अपमान केलास' म्हणून हाकलू नका, कारण त्याला तेव्हाच त्या सोबतीची सर्वांत जास्त गरज असते.

आठ महिने चांगला होता, काल पुन्हा प्यायला. सगळं वाया गेलं का?

नाही. उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडे वळण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्क्यांच्या घरात मानलं जातं. रक्तदाब, दमा यांतही औषध-पथ्य सुटून त्रास उलटण्याचं प्रमाण याच सुमाराचं आहे. तिथे आपण डॉक्टरांकडे परत जातो आणि गोळी बदलून आणतो. इथेही तेच करायचं.

घाई मात्र हवी. एका रात्रीचं पिणं आणि पुन्हा रोजचं पिणं यांच्यात थोडेच दिवस असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर किंवा समुपदेशकाला फोन. मग शांतपणे मागे जाऊन बघायचं: त्या संध्याकाळच्या आधीच्या दोन आठवड्यांत काय सुटलं होतं? सभा? गोळी? झोप? बहुतेक वेळा घसरण ग्लास हातात येण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते, आणि ती जागा सापडली की कपाटातल्या कागदावर एक ओळ वाढवायची.

गर्द किंवा हेरॉइन घेणाऱ्यांसाठी एक इशारा. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीची मात्रा एकदम घेतली तर श्वास थांबून मृत्यू येतो. हे त्याला आधीच, सरळ शब्दांत सांगून ठेवा.

लहान मुलांना काय सांगायचं?

खरं, त्यांच्या वयाला पेलेल एवढं. 'पप्पांना आजार आहे, ते औषध घेत आहेत. तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि बरा करणं हे तुझं काम नाही.' शेवटच्या दोन गोष्टी वगळू नका. मुलं मनातल्या मनात दोन्ही ओझी घेऊन फिरतात.

नाशिकमध्ये सुरुवात कुठून करू?

त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. आडगावच्या डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि घोटीजवळ धामणगावच्या एसएमबीटीच्या रुग्णालयांतही हा विभाग आहे. फोनवरून बोलायचं असेल तर व्यसनासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक १४४४६. मन खचलं असेल, जीव द्यावासा वाटत असेल तर टेली-मानस १४४१६, चोवीस तास, मराठीतही. हे क्रमांक घरच्यांसाठीही आहेत, पिणाऱ्यानेच करायला हवा असं नाही.

जाताना सोबत न्या: चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, जुने रिपोर्ट, आधार कार्ड आणि एका कागदावर चार ओळी. काय घेतो, रोज किती, किती वर्षं, शेवटचं कधी घेतलं. पूर्वी कधी फिट आली असेल तर ते सर्वांत वर लिहा. तो यायला तयार नसेल तर तो कागद घेऊन तुम्ही एकट्या जा. ओपीडी सकाळची असते, लवकर निघा.